सिकलसेल : जुनी गोळी, नवी औषधे आणि आपण
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला आज्ञा केली, ‘औषध-संशोधनात नवीन काय चाललंय ते दहा मिनिटांत सांग, आणि समजेल असं सांग.’ मी आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या घराघरांत माहीत असलेला आजार निवडला आहे : सिकलसेल.

या आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. फरक एवढाच. पण प्राणवायू कमी झाला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. मग हाडे-सांधे असह्य ठणकतात. ताप, थंडी, अंगातले पाणी कमी होणे, अतिश्रम यांनी त्रास वाढतो. रोवणीच्या दिवसांत आपल्याकडे हे सगळे एकदमच येते.

हा आजार आपल्याच भागात इतका का? कारण मलेरिया. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच हा दोष आला, म्हणजे माणूस ‘वाहक’ असला, तर त्याला जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. त्यामुळे मलेरियाच्या जंगलपट्ट्यात हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकला. दोन्हीकडून आला, तर मात्र आजार होतो.

आता औषधे. हायड्रॉक्सियुरिया हा रेणू १८६९ मध्ये जर्मनीत तयार झाला. पुढे तो रक्ताच्या कर्करोगावर वापरला गेला. त्याने गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा वाढते आणि पेशी वाकणे कमी होते, हे नंतर कळले. १९९५ च्या अमेरिकेतील चाचणीत वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर आले. ही गोळी स्वस्त आहे. मात्र ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, रोज आणि ठरावीक काळाने रक्त तपासत घ्यावी लागते.

व्हॉक्सेलोटॉर हे औषध तर हिमोग्लोबिन चिकटू नये म्हणूनच रचले होते. २०१९ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, कारण हिमोग्लोबिनचा आकडा वाढत होता. पण पुढच्या चाचण्यांत झटके आणि मृत्यू यांबाबत चिंता निर्माण झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. आकडा सुधारला म्हणजे रुग्ण सुधारला असे नसते, हे आमच्या क्षेत्राला पुन्हा शिकावे लागले.

२०२३ च्या अखेरीस क्रिस्पर तंत्राने जनुकात बदल करणारा ‘कॅसजेव्ही’ उपचार ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाला. मंजुरीच्या वेळी अमेरिकेतील किंमत २२ लाख डॉलर होती, म्हणजे तेव्हाचे सुमारे १८ कोटी रुपये. शिवाय आधी जोरदार केमोथेरपी लागते. आपल्या देशातही सीएसआयआरच्या दिल्लीतील संस्थेत अशा स्वदेशी उपचारावर काम चालू आहे. ते यशस्वी होवो. पण एटापल्ली-भामरागडच्या लेकराला आज जे मिळू शकते ती जुनी गोळीच आहे, आणि तिच्यासाठी आधी निदान व्हायला हवे.

१ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे तेव्हा त्याचे उद्दिष्ट होते. पहिली चाचणी बोटातून काढलेल्या थेंबभर रक्तावर होते.

आपल्यातले बरेच जण शिक्षक आहेत. वर्गातले एखादे पोर सारखे ‘हातपाय दुखतात’ म्हणून घरी राहत असेल, तर त्याला कामचुकार ठरवण्याआधी तपासणीला पाठवा. घरात लग्नाची बोलणी चालू असतील, तर दोघांचीही तपासणी करून घ्या. दोघे वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के असते. यात जातीची, कुळाची किंवा सुनेची लाज बाळगण्यासारखे काहीच नाही.

आणि आजचा निधी ठरवताना एक विनंती आहे. कमानीबरोबरच शाळेत दरवर्षी एक तपासणी शिबिर घेऊ या. आरोग्य विभागाशी बोलायला आणि गोळी चालू असलेल्या मुलांचा पाठपुरावा करायला मी नाव देतो. आणखी चौघांची नावे आज जेवणाआधी हवीत.