चीर लहान, धोका मोठा



कर्जत आणि खालापूर या तालुक्यांतील शेतकऱ्याचा पाण्याशी संबंध केवळ पावसाळ्यापुरता नाही. आषाढात तो लावणीच्या चिखलात उभा असतो. भिवपुरीचे जलविद्युत केंद्र १९२२ साली सुरू झाले. त्यातून सुटणाऱ्या पाण्यावर राजनाल्याच्या परिसरात उन्हाळी भातही होऊ लागले. वलगणीचे मासे धरण्यासाठी आपले कातकरी बांधव ओढ्यात उतरतात, ते वेगळेच. म्हणून आज मी एका साध्या वस्तूविषयी बोलणार आहे. ती वस्तू म्हणजे गमबूट, आणि विषय म्हणजे त्याला पडलेली चीर.

विषय क्षुल्लक वाटेल. पण तो तसा नाही. उंदीर, गुरे इत्यादी प्राण्यांच्या मूत्रावाटे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पाण्यात व चिखलात मिसळतात. पायावरील जखमेतून किंवा भिजून मऊ पडलेल्या त्वचेतून ते शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीनंतर मुंबईत या रोगाची साथ पसरली होती. फाटक्या बुटात पाणी साचते, पाय तासन्‌तास त्यातच राहतो, आणि माणूस मात्र आपण सुरक्षित आहोत अशा समजुतीत असतो.

दुरुस्ती अवघड नाही. तिला धीर मात्र हवा. मी स्वतः एकदा सोल्यूशन लावताच घाईने ठिगळ दाबले आणि दुपारपर्यंत ते निघून आले. योग्य रीत अशी : बूट धुऊन आत पाणी भरावे, बाहेरची बाजू पुसावी आणि कोठे पाझरते ते पाहून खूण करावी. मग बूट आतून-बाहेरून पूर्ण वाळू द्यावा. बूट रबराचा असल्यास चिरेभोवतीचा भाग काचकागदाने घासावा आणि चिरेपेक्षा चोहोबाजूंनी इंचभर मोठे, गोल कडांचे ठिगळ कापावे. सायकलच्या पंक्चरचे सोल्यूशन दोन्ही बाजूंना पातळ लावावे, ते बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबावे, मगच ठिगळ दाबून बसवावे व रात्रभर तसेच ठेवावे. बूट पीव्हीसीचा असेल तर हे सोल्यूशन टिकत नाही. मऊ पीव्हीसीसाठीचे वेगळे चिकटद्रव्य मागून घ्यावे. सुईदोरा कधीही वापरू नये, कारण प्रत्येक टाका हे नवे छिद्रच असते.

मासेमारीसाठी छातीपर्यंत येणारे जलरोधक पोशाखही मिळतात. त्यांतील काहींचे कापड घामाची वाफ बाहेर सोडते, पण पाणी आत घेत नाही. अशा पोशाखाचे सूक्ष्म छिद्र शोधण्यासाठी तो उलटा करून आतील बाजूवर स्पिरिट शिंपडतात. छिद्राच्या जागी गडद ठिपका उमटतो. त्यावर आतून पॉलियुरेथेनचे चिकटद्रव्य लावून रात्रभर सुकू देतात. स्पिरिट पेट घेणारे असल्याने हे काम विस्तवापासून दूर, मोकळ्या हवेत करावे.

बूट उन्हात किंवा चुलीजवळ वाळवू नयेत, त्यांना रॉकेल वा तेल लागू देऊ नये. आणि एक गोष्ट विसरू नये : बूट शाबूत असला तरी पाण्यात काम केल्यानंतर ताप, पोटऱ्यांत वेदना, डोळ्यांत लाली दिसल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात त्वरित जावे आणि आपण पाण्यात काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

पंचायत सदस्यांना माझी विनंती आहे की, काचकागद, कात्री, सोल्यूशन आणि जुन्या ट्यूबचे तुकडे एवढे साहित्य लावणीपूर्वी पंचायतीच्या कार्यालयात ठेवावे. शिक्षकांनी कार्यानुभवाच्या तासाला ही कृती मुलांकडून करवून घ्यावी. मुलाने शाळेत शिकलेले ठिगळ संध्याकाळी वडिलांच्या बुटावर बसले, तर तो तास सार्थकी लागला असे मी मानेन.