आकाशातील नवे दिवे
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



विवाहविधीत वधूवरांस ध्रुव व अरुंधती दाखविण्याची आपली जुनी चाल आहे. अरुंधती ही चौथ्या प्रतीची मंद तारका. शहरांच्या झगमगाटात ती केव्हाच लोपली. आता पुरोहित मंडपाच्या छताकडे बोट करतात आणि आपण मान डोलावितो. परंतु आज मला बोलावयाचे आहे ते आकाशातच सोडलेल्या दिव्यांविषयी.

मे २०१९ मध्ये स्पेसएक्स या अमेरिकन कंपनीने ‘स्टारलिंक’चे पहिले ६० उपग्रह सोडले. आज त्यांची गणना हजारांनी होते. त्यांना स्वतःचे तेज नाही. आपल्याकडे सांज सरली तरी सुमारे ५५० किलोमीटर उंचीवर ऊन असते. तेच त्यांच्यावरून परावर्तित होऊन खाली येते. दुर्गम स्थळी त्यांच्यामुळे संपर्क साधतो, हा उपकार मान्य केलाच पाहिजे. पण दुर्बिणीच्या छायाचित्रावर त्यांची पांढरी रेघ उमटते आणि तिच्याखालचा वेध वाया जातो.

हे तेज कमी करता येते. २०२० मध्ये एका उपग्रहास काळा लेप दिला. तेज निम्म्यावर आले, पण तो अधिक तापू लागला. मग ऊन अडविणारी झडप लावली. ती लेसर-संदेशांच्या आड येई. पुढे प्रकाश पृथ्वीपासून दूर वळविणारे आरशासारखे पापुद्रे आले. उपग्रह सातव्या प्रतीहून मंद, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे असावेत, एवढेच ज्योतिर्विदांचे मागणे आहे. तथापि २०२२ मध्ये दुसऱ्या एका कंपनीचा ‘ब्लूवॉकर ३’ आपला ६४ चौरस मीटरांचा पत्रा उलगडून कधीकधी प्रश्वा ताऱ्याइतका तळपू लागला. एकाने संयम पाळावा आणि दुसऱ्याने तो मोडावा, असे चालले आहे. कारण १९६७ च्या अंतराळ करारात तेजाविषयी एक अक्षर नाही.

विदर्भातील पेंच व्याघ्रप्रकल्पास जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ हा मान लाभला. तेथील खेड्यांनी रस्त्यांवरील दिव्यांची तोंडे खाली वळविली. माथ्यावरून जाणारा दिवा त्यांनी कसा झाकावा? तो झाकणे परवाना देणाऱ्या सरकारांच्याच हाती आहे. आपल्या देशानेही २०२५ मध्ये स्टारलिंकला परवाना दिला आहे. अशा प्रत्येक परवान्यात तेजाची मर्यादा असावी, हा आग्रह आपण नागरिकांनी धरावा. नातवंडांना दाखविण्यापुरती तरी अरुंधती आपली राहो.