पाठ झाले, पण वाचता आले का?
(वार्षिक समारंभात केलेले भाषण)



आज ज्यांना बक्षिसे मिळाली त्यांचे मनापासून अभिनंदन. मला मात्र बोलावयाचे आहे ते ज्यांचे नाव अशा व्यासपीठावरून कधीच पुकारले जात नाही, त्या मुलांविषयी.

मुंबईच्या एका उर्दू शाळेत मी चौथीच्या वर्गात बसलो होतो. एका मुलीने धडा घडाघडा म्हणून दाखविला. मी मधल्याच एका शब्दावर बोट ठेवले, तशी ती गप्प झाली. धडा तिला पाठ होता, वाचता येत नव्हता. चार वर्षे ती नियमित शाळेत आली होती. मग दोष तिचा कसा म्हणावा?

तिच्यापुढची अडचण पाहा. घरात बोली वेगळी, पुस्तकातली उर्दू वेगळी. मकतबात नस्ख वळणाची अक्षरे आणि जेर, जबर, पेश यांच्या खुणा. शाळेच्या पुस्तकात नस्तालीक वळण आणि पुढे पुढे या खुणा गाळलेल्या. शब्दाच्या आरंभी, मध्ये आणि शेवटी अक्षराचे रूप बदलते. ‘ज़’ या एका उच्चारासाठी चार अक्षरे. शिवाय मराठीची देवनागरी उलट दिशेने वाचावयाची. हे सारे उलगडून सांगण्यास वेळ हवा. शिक्षक मात्र अभ्यासक्रम पुरा करण्याच्या घाईत असतो.

यावर उपाय आहे. 2001 ते 2003 या काळात मुंबई व वडोदरा येथील महापालिका शाळांत ‘प्रथम’ संस्थेच्या ‘बालसखी’ उपक्रमाची शास्त्रशुद्ध तपासणी झाली. वस्तीतलीच शिकलेली मुलगी तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे घेऊन मुळाक्षरांपासून शिकवी. मुलांची प्रगती झाली आणि सर्वांत कच्च्या मुलांना विशेष लाभ झाला. मदत थांबल्यावर वर्षभरात मात्र तो लाभ बराच ओसरला. म्हणजे हे काम सातत्याचे आहे.

1874 साली बदरुद्दीन तय्यबजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली, तेव्हा प्रश्न मुलांना शाळेच्या दारापर्यंत आणण्याचा होता. आजचा प्रश्न दाराच्या आतला आहे.

शिक्षकांना माझी विनंती आहे, रोज एक तास इयत्ता विसरा. ज्याला जेवढे येते तेथून त्याला पुढे न्या. मुलाने स्वतः सांगितलेले वाक्य फळ्यावर लिहा आणि तेच त्याला वाचावयास लावा.

पालकहो, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार महापालिकेच्या शाळेतील व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. त्या सभेला जा. संडास आणि पाणी यांबरोबरच, “आमची किती मुले वाचू शकतात?” हेही विचारा. आपणांस लिहिता-वाचता येत नसेल तरी संकोच नको. दुकानाची पाटी, औषधाची बाटली, रेशनकार्ड मुलापुढे धरा आणि “हे काय लिहिले आहे?” एवढेच विचारा.

आणि नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनो, आपल्या चाळीतल्या एका मुलाला रोज अर्धा तास द्या.

जे मूल चौथीत वाचू शकत नाही, त्याला पुढचा प्रत्येक विषय परका होतो. एके दिवशी ते शाळेत येत नाही आणि आपण म्हणतो, त्याला शिक्षणाची आवडच नव्हती. हे वाक्य आपण यापुढे उच्चारू नये, एवढीच विनंती करून मी माझे भाषण संपवितो.