सातबाऱ्यावर तिचे नाव



आज भंडाऱ्याच्या मेळाव्यात आम्ही एका परदेशातून आलेल्या बाईविषयी बोलणार आहोत. गेल ऑम्व्हेट. जन्म 1941 चा, अमेरिकेतल्या मिनिआपोलिसचा. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीचा अभ्यास करायला ती महाराष्ट्रात आली, गावोगाव जुने कागद धुंडाळले, आणि 1973 साली बर्कले विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. तिकडेच प्राध्यापकी करून सुखात राहता आले असते. पण भरत पाटणकरांशी लग्न करून ती सांगली जिल्ह्यातल्या कासेगावला नांदायला आली. सासूबाई इंदुताई स्वातंत्र्यलढ्यातल्या कार्यकर्त्या, म्हणजे घरच चळवळीचे. 1983 साली गेलताईंनी भारताचे नागरिकत्व घेतले.

त्या समाजवादी, मार्क्सवादी. त्या काळी बहुतेक डाव्या मंडळींना शेतमालाच्या भावाची चळवळ म्हणजे बड्या बागायतदारांचे काम वाटे. गेलताई आपल्याच लोकांशी भांडल्या. शेतकऱ्याची लूट भावातून होते आणि तिचा भार शेवटी बाईच्या अंगावर पडतो, हे त्या लिहीत राहिल्या. पुढे जागतिकीकरणाबाबत त्यांनी घेतलेली भूमिका आम्हाला पूर्ण पटली नाही, आजही पटत नाही. पण पटले ते स्पष्ट बोलायचे, मग मित्र तुटले तरी चालतील, हा त्यांचा बाणा होता.

येरळा नदीवरचे बळीराजा धरण तुम्ही ऐकले असेल. तिथल्या लोकांनी नदीतली वाळू ठेकेदाराला न देता स्वतः विकली आणि त्या पैशातून धरण उभे केले. श्रमिक मुक्ती दलाने तिथे समान पाणीवाटपाचा आग्रह धरला. जमीन असो वा नसो, पाण्यात वाटा. बाईलाही. आमच्या मामा तलावांच्या गावांत असा हिशेब अजून कोणी मांडलेला नाही.

आता आपल्याकडचे बघा. पऱ्हे उपटायला बाई, चिखलात दिवसभर वाकून रोवणीला बाई, निंदणाला बाई. कृषीचे पुस्तक शिकून आम्ही बांधीवर गेलो, तेव्हा कोणत्या बांधीत पाणी ठरत नाही हे आम्हाला बायांनीच सांगितले. आणि सातबारा कोणाच्या नावे? 1986 च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती सुरू केली. 1992 साली शासनानेही परिपत्रक काढले: नवऱ्याने अर्ज दिला तर बायकोचे नाव सातबाऱ्यावर लागते.

लागते. पण अर्ज द्यावा लागतो! या मंचावर आम्ही सात जण बसलो आहोत. त्यात दोघांच्याच सातबाऱ्यावर बायकोचे नाव आहे. बाकी पाच जण तुम्हाला समतेचे भाषण देतात.

गेलताई 25 ऑगस्ट 2021 रोजी कासेगावातच गेल्या. अर्जाचे कोरे कागद मंडपाच्या दाराशी ठेवले आहेत. पहिले पाच आम्ही भरतो, मग जेवण.