भुकेच्या हिवाळ्यातील ट्यूलिपचे कांदे



संघटनेच्या कचेरीत हयात गेलेल्या माणसाने फुलझाडांवर बोलावयास उभे राहावे, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु आज ज्या फुलाविषयी बोलावयाचे आहे, त्याचा संबंध एका संपाशी आहे; आणि संपाच्या दिवसांत चुलीवर काय शिजते, हा प्रश्न आमच्या धंद्यातलाच आहे.

हकीकत हॉलंडची आहे. देश जर्मनांच्या ताब्यात होता आणि त्याचे सरकार लंडनला आश्रयास होते. १७ सप्टेंबर १९४४ रोजी त्या सरकारने नभोवाणीवरून रेल्वे कामगारांना संपाची हाक दिली. जर्मन सैन्याची रसद तोडावयाची, हा हेतू. सुमारे तीस हजार कामगारांनी काम टाकले. पुष्कळ जण भूमिगत झाले. दोस्तांच्या फौजा थोड्याच दिवसांत येतील असा सर्वांचा अदमास होता. आर्न्हेमचा पूल हाती आला नाही, आणि थोड्या दिवसांचा म्हणून धरलेला संप साडेसात महिने चालला.

जर्मनांनी सूड म्हणून पश्चिमेकडील शहरांकडे जाणारे अन्न अडविले. नोव्हेंबरात जलमार्गावरील बंदी सैल केली. पण पुढे थंडी कडक पडली, कालवे गोठले आणि बोटी अडकल्या. ॲम्स्टरडॅम, रॉटरडॅम, हेग या शहरांतील माणशी शिधा नोव्हेंबरअखेर रोजच्या हजार उष्मांकांखाली गेला आणि फेब्रुवारीत पाचशेच्या आसपास आला. धडधाकट माणसाला दोन हजारांहून अधिक लागतात. बायका-माणसे सायकली ढकलीत खेड्यापाड्यांत जात आणि पलंगपोस, लग्नातली अंगठी देऊन बटाटे आणीत. ज्यांच्याजवळ अंगठीही नव्हती, त्यांनी काय करावयाचे?

त्यांच्या वाट्याला फुले आली. ट्यूलिपचे कांदे हा हॉलंडचा मोठा निर्यातीचा माल. युद्धाने ती निर्यात मोडली होती आणि माल पडून होता. १६३७ साली याच फुलाच्या सट्ट्यात एकेका कांद्याला कुशल कारागिराच्या कित्येक वर्षांच्या मजुरीइतका भाव आला होता. आता तोच कांदा वाण्याच्या दुकानात बटाट्याच्या जागी आला.

कांदा म्हणजे झाडाने पुढच्या मोसमासाठी केलेली साठवण. ट्यूलिपच्या कांद्यात पिष्ट भरपूर असते, म्हणून त्याने पोट भरते. पण तो तसाच खाता येत नाही. वरची साल काढावयाची, कांदा मधोमध चिरावयाचा आणि आतला पिवळसर कोंब काढून टाकावयाचा. तो पोटाला बाधतो. मग बटाट्यासारखा उकडून कुस्करावयाचा, नाहीतर साखरबिटाबरोबर त्याचे पातळ कालवण करावयाचे. कोणी वाळवून दळीत आणि ते पीठ भाकरीच्या पिठात मिसळीत. हे सारे छापून लोकांना सांगितले गेले, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. चव गोडसर, पिठूळ, आणि घशाला खवखव. ट्यूलिपच्या कांद्यांची निवड-सफाई करणाऱ्या मजुरांची बोटे त्यातील रसाने आजही भेगाळतात. त्या धंद्यात या रोगाला ‘ट्यूलिपची बोटे’ म्हणतात, आणि आम्ही तरी त्याची गणना धंद्याच्या रोगांतच करू.

डेलियाचे कंदही खाल्ले गेले. ते झाड मूळचे मेक्सिकोचे. पण नार्सिसस आणि हायसिंथ यांचे कांदे विषारी. दिसावयास तेही कांदेच, आणि भुकेला माणूस फार निवड करीत नाही. चुकीचा कांदा पोटात गेला की ओकाऱ्या सुरू, आणि उपाशी देहाला त्या झेपत नाहीत.

एवढे करूनही त्या हिवाळ्यात सुमारे वीस हजार माणसे भुकेने मेली. एप्रिल १९४५ च्या अखेरीस विमानांतून अन्न पडू लागले. ५ मे रोजी सुटका झाली.

आता आमच्या धंद्याचा प्रश्न. संप योग्य होता काय? संपवाल्यांचा पगार थांबला नाही. वालराव्हेन व्हान हाल या बँकरने मध्यवर्ती बँकेतील खऱ्या रोख्यांच्या जागी बनावट रोखे ठेवून पैसा उभा केला, तो अशा कामी आला. फेब्रुवारी १९४५ मध्ये जर्मनांनी त्याला गोळी घातली. निधी होता, धान्य नव्हते. आणि नोटा उकडून खाता येत नाहीत. हाक देणारे समुद्रापलीकडे होते, चुली अलीकडे होत्या. जर्मनांनी आपली माणसे आणून स्वतःच्या गाड्या चालविल्याच. आमच्या मते संप मानाचा होता, पण हाक देणाऱ्यांनी तो लांबला तर काय, याचा हिशेब मांडला नव्हता. दुसरी गोष्ट अधिक बोचते. १९४२ पासून १९४४ पर्यंत याच रेल्वेने एक लाखाहून अधिक ज्यूंना देशाबाहेर, मरणाकडे नेले. तेव्हा रेल्वेत संप झाला नाही. ॲम्स्टरडॅमच्या कामगारांनी मात्र ज्यूंच्या छळाविरुद्ध फेब्रुवारी १९४१ मध्येच हत्यारे खाली ठेवली होती. रेल्वे कंपनीने माफी मागितली ती २००५ साली.

आपल्याकडे ट्यूलिपचे शेत नाही, पण शोभेची झाडे दारोदारी आहेत. नळाच्या सांडपाण्यावर वाढणारी कर्दळ घ्या. तिच्या जातीचा कंद दक्षिण अमेरिकेच्या डोंगरांत फार पूर्वीपासून भाजून खातात, कोलंबियात त्याच्या पिठाची बिस्किटे करतात, व्हिएतनाममध्ये शेवया. कंद चिवट, पुष्कळ वेळ शिजवावा लागतो. बागेत औषध फवारले असेल तर मात्र त्याला हात लावू नये. आणि हे ज्ञान पुस्तकातच आहे असे समजू नका. सह्याद्रीतले कातकरी, ठाकर, वारली कडू करांद्याचे काप राखेच्या पाण्यात उकडून वाहत्या पाण्यात ठेवतात, तेव्हा त्याचा कडूपणा जातो. ती विद्या कोणत्याही शाळेत शिकवीत नाहीत.

त्याच डोंगरात पावसाळ्यात कळलावी फुलते, लाल-पिवळी, ज्वाळेसारखी. हौशी लोक ती बागेतही लावतात. तिचा कंद रताळ्यासारखा दिसतो, आणि त्याचे विष शिजवून जात नाही. तो खाऊन माणसे दगावली आहेत. घरात मुले असतील तर हे झाड त्यांना आधी दाखवून ठेवा. फूलही दाखवा आणि उकरून कंदही.