मोबाइलमधला पुरावा आणि आपण

मैत्रिणींनो, आपल्याकडे आता ज्यूरी नाही, पुरावा तोलतात ते न्यायाधीशच. त्यांच्यापर्यंत काय पोचतं, एवढ्यापुरतंच मी बोलणार आहे. केंद्रात आलेली बाई मोबाइल पुढे करते, ‘बघा ताई, कसल्या धमक्या देतो.’ आपण त्या संदेशांची छापील प्रत काढून फायलीला लावतो. एवढ्यानं भागत नाही. 2020 साली अर्जुन खोतकर यांच्या जालन्यातल्या निवडणुकीवरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, प्रतीला प्रमाणपत्र हवंच. मूळ यंत्र मालकानं स्वतः साक्षीत हजर केलं तर मात्र गरज नाही. निकाल निवडणुकीचा, पण नियम फौजदारी खटल्यालाही लागू. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात, कलम 63 खाली, प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. दुसरा तज्ज्ञानं भरायचा. धुणीभांडी करणाऱ्या बाईनं हा तज्ज्ञ आणायचा कुठून? म्हणून पहिल्याच दिवशी तिला सांगा, मोबाइल विकू नकोस, काही पुसू नकोस.

आणि सगळा संवाद दाखल करा. मार खाल्ल्यावर तिनंच ‘चुकलं माझं’ असं लिहिलेलं असतं, कारण रात्री त्याच घरात झोपायचं असतं. बचावाचा वकील नेमकं तेवढंच वाचून दाखवतो. त्याआधीच्या तासाभरात नवऱ्यानं काय काय लिहिलं होतं, तेही न्यायाधीशांनी वाचलं पाहिजे.