थायरॉईडच्या रक्ततपासणीचा कागद



जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या वाड्यावस्त्यांवर दवाखान्याचा कागद समजून घेण्यासाठी लोक आजही गुरुजींकडे येतात. म्हणून थायरॉईडच्या रक्ततपासणीचा अर्थ शिक्षकास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

गळ्याच्या पुढील भागी फुलपाखराच्या आकाराची अवटु ग्रंथी असते. टी-४ व टी-३ हे तिचे स्राव. शरीराची वाढ, उष्णता व बुद्धीचा विकास त्यांवर अवलंबून असतो. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी टी. एस. एच. हा स्राव सोडून तिला कामास लावते. मुले रेंगाळली की गुरुजींचा आवाज चढतो आणि कामास लागली की उतरतो. तद्वतच अवटु ग्रंथी मंदावली की टी. एस. एच. वाढते, तिचे काम अति झाले की घटते.

म्हणून टी. एस. एच. अधिक व टी-४ कमी असल्यास ग्रंथी मंद समजावी. याउलट असल्यास अतिक्रियाशील. केवळ टी. एस. एच. किंचित वाढले असल्यास डॉक्टर बहुधा काही काळाने फेरतपासणी करवितात. प्रौढांत ते सामान्यतः ०.४ ते ४ असते. परंतु लहान मुले व गर्भवती यांची प्रमाणे निराळी असतात. यास्तव कागदावर आकड्याशेजारी छापलेली मर्यादा पाहावी व निदान डॉक्टरांवर सोपवावे.

औषधाने आकडा सुधारला की पुष्कळजण गोळी सोडतात. ही मोठी चूक होय; तो आकडा गोळीमुळेच सुधारलेला असतो. गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यावी व डॉक्टरांच्या सल्ल्याविना बंद करू नये.

हिमाचलातील कांगडा खोऱ्यात १९५६ साली सुरू झालेल्या अभ्यासाने आयोडीनयुक्त मिठाने गलगंड आटोक्यात येतो हे दाखविले. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. शालेय पोषण आहाराचे मीठ आयोडीनयुक्त असावे व झाकणाच्या बरणीत कोरडे ठेवावे.

वर्गात एखाद्या मुलाची उंची खुंटली असेल, त्यास थंडी सोसत नसेल, ते सदा सुस्त राहून अभ्यासात मागे पडत असेल, तर त्यास 'ढ' म्हणण्यापूर्वी पालकांस बोलवावे व जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात पाठवावे. जन्मजात दोषात तर पहिल्या काही आठवड्यांतच उपचार व्हावे लागतात; विलंबाने झालेली बुद्धीची हानी पुढे भरून निघत नाही. हे माता-पालक सभेत अवश्य सांगावे.